फक्कीची रेषा

गायकवाड साहेबांनी एखाद्या भिंतीवर टकटक केली की त्या घरातली माणसं बोलायची थांबत. दिल्लीत मयूर विहारमधली आमची सोसायटी नवी होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि तळमजल्यावरचे गायकवाड साहेब आणि त्यांच्या पत्नी रूथवहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला आले. साहेबांनी कपाला हात लावला नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून त्यांनी बैठकीतली भिंत वाजवली, कान लावला, दोन हात पुढे सरकले, पुन्हा वाजवली. मग न विचारता आत गेले. स्वयंपाकघराबाहेरच्या माळ्याखाली उभं राहून झाडूच्या दांड्याने वर तीन ठोके दिले आणि मला विचारलं, "इथे कुणी झोपतं का?"

"सासूबाई पडतात दुपारच्या. इथे हवा येते."

"त्यांना सांगा, उद्यापासून नको."

कारण नाही, स्पष्टीकरण नाही. मग मात्र त्यांनी निवांत चहा घेतला, चार बिस्किटं खाल्ली आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करून गेले. दार लागल्यावर माझे मिस्टर म्हणाले, "यार, हा माणूस पाहुणा आहे की यमदूत?" आम्ही हसलो, पण सासूबाईंनी चटई हलवली. त्याच वर्षी ऑगस्टात, भर दुपारी, माळ्याखालचा गिलावा एकदम खाली आला. सासूबाई चार हातांवर भाजी निवडत बसल्या होत्या. तेव्हापासून साहेबांविषयी मला आदर वाटायला लागला, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही.

आमचं ऑफिस एकच होतं. खात्याचं नाव घेत नाही. पाण्याच्या टाक्या, जलवाहिन्या, सांडपाण्याचे प्रकल्प ही आमची कामं. मी नकाशे काढायची. कागदावर माझं पद ड्राफ्ट्समन होतं, आणि ते वूमन करून घ्यायला कुणाला वेळ झाला नाही. साहेब सीनियर क्वांटिटी सर्व्हेअर. किती खोदलं, किती भरलं, काँक्रीट किती ओतलं हे जागेवर जाऊन मोजायचं, एमबीत म्हणजे मोजमापाच्या वहीत उतरवायचं आणि खाली सही करायची. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, नोव्हेंबर ते मार्च एकच तपकिरी स्वेटर. खिशात लहान टेप आणि खांद्याला चामड्याच्या डबीतली मोठी, तीस मीटरची. साइटवरचे लोक त्यांना "फीता साहब" म्हणत. तोंडावर नव्हे.

साहेबांचा नियम एकच होता: झाकायच्या आधी मला बोलवा. "रस्ता दिसतो, पूल दिसतो," ते मला म्हणायचे. "आपलं सगळं मातीखाली जातं, बाई. एकदा माती लोटली की खाली काय आहे हे फक्त वही सांगते. म्हणून वहीत तेच लिहायचं जे आपण डोळ्यांनी पाहिलं." कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा प्रश्न ठरलेला. "कुणी पाहिलं?" ऑफिसात कुणी कुणाच्या बदलीची बातमी आणली तरी तेच. कँटीनमधला पोऱ्या सांगायचा दूध ताजं आहे, साहेब विचारायचे, "किसने देखा?" आम्ही त्यांची नक्कल करायचो. ती मी सर्वांत चांगली करायची.

एकदा फरीदाबादला मलवाहिनीच्या कामावर मी नकाशाची दुरुस्ती घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. पाइपाखाली काँक्रीटची बैठक द्यायची आणि ती मोजून झाल्यावर चर बुजवायचा, असं ठरलेलं. आम्ही पोचलो तेव्हा चर बुजवून, वर पाणी मारून, माती ठोकून झाली होती. ठेकेदाराचा मुंशी हसत पुढे आला. "साहब, बारिश का डर था, इसलिए ढक दिया. नीचे सब पूरा है."

"किसने देखा?"

"मैंने देखा, साहब."

"अच्छा. अब मैं देखूँगा. खोलो."

मुंशी आधी हसला, मग विनवण्या करू लागला, मग कुठल्याशा मोठ्या माणसाचं नाव घेतलं. साहेबांनी एक घमेलं उपडं घातलं आणि त्यावर बसले. डबा तिथेच उघडला. उन्हात बसून पोळी-भाजी खाताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तीन तासांनी चर उघडला. पाइपाखाली नुसती माती होती. साहेब रागावले नाहीत. वहीत बैठकीच्या नोंदीपुढे शून्य लिहिलं आणि मुंशीला दाखवलं. परतताना बसमध्ये मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला कसं कळलं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काही कळत नाही हो. म्हणून तर उघडायला लावतो."

त्या वहीचेही नियम होते. पान फाडायचं नाही. खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं लिहिलेलं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. साहेबांच्या वह्यांत अशी रेघ मी कधी पाहिली नव्हती.

वर्षातून एक दिवस मात्र साहेब साइट विसरायचे. संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जायची. धुक्यातून चार-पाच तास प्रवास, डब्यात गुळाच्या पोळ्या, आणि पोचल्यावर स्तंभापाशी फुलं वाहून दोन-तीन भाषणं. बाकीचे शौर्यावर बोलायचे. साहेब उभे राहिले की बायका शाली सावरून बसायच्या, कारण ते दरवर्षी तेच बोलायचे आणि दरवर्षी अंगावर काटा यायचा. "इथे तलवार कमी पडली नाही. तोंडं किती आणि दाणा किती, हे वेळेवर कुणी मोजलं नाही. ज्यांनी मोजलं त्यांचं कुणी ऐकलं नाही." एवढं बोलून ते खाली बसायचे आणि तिळगूळ वाटायला लागायचे.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी मंडळाची सेक्रेटरी मी होते. बसमध्ये सहा जागा रिकाम्या राहत होत्या आणि साहेब यायला तयार नव्हते. फरीदाबादच्या एका वस्तीत उंच टाकी बांधायची होती. जागा वाईट होती. पूर्वी तिथे खाण होती, मग ती राखेने आणि भंगाराने भरलेली. नकाशा माझ्याच हातचा: पोकळ भराव उकरून काढायचा आणि तीन मीटर जाडीचं काँक्रीट भरून त्यावर पाया घ्यायचा. खोदाई संपत आली होती.

"खड्डा उघडा आहे, बाई. या वर्षी नको."

"साहेब, एकच दिवस. त्यागी आहे ना तिथे. तुमचाच चेला तो."

त्यागी म्हणजे त्या कामावरचा साइट इंजिनीअर, तिशीतला हुशार माणूस. टेप कशी ताणायची, झोल कसा काढायचा, हे त्याला साहेबांनी शिकवलं होतं. त्याच्या लग्नात साहेब मेरठपर्यंत गेले होते. त्यागीने फोनवर शब्द दिला: "बिल्कुल बेफिक्र जाइए, सर. परसों तक कोई हाथ नहीं लगाएगा." साहेब आले. मला किती बरं वाटलं होतं, तेही सांगायला हवं. पानिपतला त्या वर्षी धुकं निवळलंच नाही, स्तंभाचं टोक दिसत नव्हतं. साहेब भाषणाला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच बसले. येताना पूर्ण रस्ता त्यांनी चामड्याची डबी मांडीवर धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ते साइटवर गेले तर खड्डा भरलेला. काँक्रीट ओतून, वर गोणपाट टाकून, पाणी मारणं सुरू होतं. त्यागी धावत आला. "सर, गाड़ियाँ आ गई थीं, वापस कैसे भेजता? मैंने खुद नापा है. तीन मीटर पूरा, एक इंच कम नहीं."

ते तीन मीटर काँक्रीट फोडायला लावणं म्हणजे काम दोन महिने मागे जाणार, त्यागीची नोकरी जाणार, आणि आपण त्या दिवशी कुठे होतो हेही लिहावं लागणार. साहेब तिथे तासभर उभे राहिले असं नंतर त्यागीनेच मला सांगितलं. मग त्यांनी वही उघडली, तीन मीटर लिहिलं आणि सही केली. मुंशीला घमेल्यावर बसून चर उघडायला लावणारा हा माणूस आपल्या माणसापाशी अडला. मी त्यांच्या जागी असते तर मीही सही केली असती, आणि मला झोपही लागली असती. त्यांना लागली नाही.

वर्षभराने टाकी भरली. वस्तीत मिठाई वाटली, नारळ फुटला. साहेबांनी खांबावर टकटक केली, कान लावला, आणि मिठाई न खाता परत आले. पुढच्या रविवारी चर्चमधून थेट टाकीवर गेले. टाकीच्या तळातून त्यांनी एक पोलादी तार सोडली, तिला पितळी ओळंबा बांधला, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीच्या काँक्रीटमध्ये एक खिळा ठोकला. ओळंब्याचं टोक खिळ्याच्या डोक्यावर. पंप चालवणारा रामफल तिथेच एका खोलीत बायकोमुलांसह राहायचा. त्याला वाटलं, हे काहीतरी नजर लागू नये म्हणून आहे. साहेबांनी त्याला तसंच वाटू दिलं.

मग दर रविवारी, वारा नसताना, सकाळी. खिळ्यापासून ओळंब्याचं अंतर. दिवाळीपर्यंत अकरा मिलिमीटर. होळीला सोळा. त्यांनी मला डायरी दाखवली तेव्हा मी म्हटलं, "टाक्या थोड्या बसतातच ना, साहेब?"

"सरळ बसल्या तर ठीक. ही एका बाजूला चालली आहे. शाळेच्या बाजूला."

टाकीच्या पलीकडे मोकळं पटांगण आणि त्यापुढे सरकारी प्राथमिक शाळा होती. उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत मुलं टाकीच्या सावलीत येऊन डबे खायची. सबंध वस्तीत तेवढी एकच सावली होती.

साहेब वरच्या अधिकाऱ्यांकडे गेले. नकाशाच्या निमित्ताने मी त्याच खोलीत होते, म्हणून हे मी ऐकलेलं सांगते आहे. टाकी रिकामी करून पाया तपासावा, एवढंच त्यांचं म्हणणं. मोठ्या साहेबांनी वही मागवली, पान काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"गायकवाड जी, दस्तखत आपके हैं. फीता साहब का नाप ग़लत है, यह कौन मानेगा?"

"नाप मेरा नहीं है, सर. मैंने देखा नहीं था."

"तो लिखा क्यों?"

 साहेबांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले. आयुष्यभर खरं लिहिल्यामुळे त्यांचं हे एकच खोटं सगळ्यांना खरं वाटत होतं, आणि ते खोटं ठरवण्याचा एकच मार्ग होता.

रूथवहिनी जिने चढून माझ्याकडे आल्या. साहेबांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. ऑफिसने शाल आणून ठेवली होती, ती मीच निवडलेली. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सांगा हो त्यांना, आत्ताच ती नोंद खोडू नका म्हणून. तुमचं ऐकतात ते."  मी खाली गेले. साहेब ब्लेडने पेन्सिलीला टोक करत होते.

"साहेब, दोन महिने थांबा. रिटायर झालात की लिहा काय लिहायचं ते."

"रिटायर झाल्यावर वही माझ्या हातात कोण देईल, बाई?"

 मग मी म्हटलं, "मी तुम्हाला त्या दिवशी नेलं नसतं तर..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "बसमध्ये तुम्ही बसवलंत. सही मी केली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये उभ्याउभ्या वही उघडली, फूटपट्टी ठेवून तीन मीटरवर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि खाली लिहिलं: "यह नाप मैंने नहीं लिया. नीचे क्या है, मैंने नहीं देखा." संध्याकाळपर्यंत निलंबनाचा कागद आला. शाल कपाटातच राहिली. चौकशी वर्षभर चालली आणि तिचा निकाल मी टाइप झालेला वाचला आहे. कर्मचाऱ्याने मानसिक ताणाखाली नोंद खोडली, सबब मूळ मोजमाप ग्राह्य धरण्यात येत आहे. त्यागीने साक्ष दिली होती: "मैंने खुद नापा है." त्याला बढती मिळाली. टाकी भरलेलीच राहिली, कारण वहीप्रमाणे तिच्याखाली तीन मीटर काँक्रीट होतं.

साहेबांनी मग तक्रारी करणं सोडलं. ते चुना आणायला लागले.

दिल्लीचं घर आवरून ते दोघं नगरला जाणार होते, त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना भेटायला टाकीवर गेले. साहेब जुना टॉवेल फेट्यासारखा डोक्याला गुंडाळून उभे होते, पायाशी चुन्याच्या फक्कीने भरलेलं घमेलं. मला बघून त्यांनी खांद्यावरची डबी उघडली आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं. "शून्य धरा, बाई." मी खांबाच्या तळाशी उकिडवी बसून शून्य धरलं. ते टेप सोडत पटांगणातून चालत गेले. टाकीच्या उंचीएवढं अंतर झालं तिथे थांबले. मग टेप ताणलेली ठेवून, वळत वळत, दुसऱ्या हाताने फक्की सोडत, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत एक मोठी कमान आखली. शाळेची भिंत त्या कमानीच्या बाहेर जेमतेम चार पावलांवर होती.

पटांगणात खेळायला आलेली मुलं रेषेपलीकडे रांगेत उभी राहून बघत होती. त्यांनी त्याचा खेळ केला होता. रेषेच्या आत पाय पडला तो आउट. रामफल मला म्हणाला, "मैडम, दो साल से हर इतवार. बारिश धो देती है, ये फिर बना देते हैं. अब तो बच्चे टिफ़िन भी उधर धूप में खाते हैं." त्याची स्वतःची खोली रेषेच्या आत होती. साहेबांनी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. तो हसायचा आणि ओळंब्याकडे बोट दाखवायचा.

मी शून्य धरून बसले होते आणि माझ्या डोक्यावर ती भरलेली टाकी होती. पाण्याचा आवाज येत नव्हता, कसलाच आवाज येत नव्हता, तरी मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. साहेबांनी लांबून ओरडून सांगितलं, "झालं. सोडा." मी टेप सोडली. ते ती फडक्याने पुसत गुंडाळत राहिले, घाई नाही. मी निघाले तेव्हा ते रेषेवर वाकून, जिथे फक्की विरळ पडली होती तिथे मूठभर आणखी टाकत होते. साहेबांचं शेवटचं दर्शन ते.

नगरला तीन वर्षांनी ते गेले. रूथवहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, शेवटी शेवटी पलंगाशेजारच्या भिंतीवर टकटक करायचे.

त्यानंतर मीही निवृत्त झाले. मेट्रो फरीदाबादपर्यंत गेली आणि तरी मी त्या बाजूला गेले नाही. न जाण्याची कारणं माझ्याकडे पुष्कळ होती, गुडघे हे त्यातलं खरं. मागच्या संक्रांतीला मंडळाच्या बसमध्ये नाव नोंदवायला फोन आला, तेव्हा मी नाही म्हटलं आणि मेट्रोत बसले. पर्समध्ये शिलाईची टेप होती, घरात तेवढीच सापडली.

टाकीला नवा रंग दिला होता. रामफल गावी गेला होता, त्याच्या जागी दुसरा पंपवाला. तार अजून होती, ओळंबाही. गंजलेल्या तारेला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती. साहेबांच्या डायरीतली शेवटची नोंद मला पाठ होती, एकतीस. मी खाली बसले, खिळा शोधला, वारा पडायची वाट पाहिली आणि मोजलं. सदुसष्ट. पुन्हा मोजलं. सदुसष्टच.

उठून मी पटांगणाकडे वळले आणि तिथेच थबकले. पटांगण उरलं नव्हतं. दोन नव्या खोल्या होत्या, गुलाबी रंगाच्या, भिंतीवर फुलपाखरं आणि अ-आ-इ काढलेली. आत बालवाडीची मुलं कविता म्हणत होती. मी पंपवाल्याला विचारलं, ही इमारत इथे कधी झाली?

"पिछले साल, आंटी जी. ज़मीन खाली पड़ी थी. इधर कोई बच्चा आता ही नहीं था, पता नहीं क्यों. तो पंचायत वालों ने कहा, यहीं बना दो."

 साहेबांनी दर रविवारी फक्की टाकून जी जागा रिकामी ठेवली होती, ती रिकामी होती म्हणूनच लोकांनी भरली. मी खांबापासून खोल्यांपर्यंत चालत गेले. पावलं मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. दोन्ही खोल्या रेषेच्या पुष्कळ आत होत्या.

दारात चप्पल काढून मी आत डोकावले. तरुण शिक्षिका उठून आली. मी तिला म्हटलं, मुलांना आत्ता, आज, शाळेच्या मागच्या बाजूला नेऊन बसवा, आणि उद्यापासून इथे आणू नका. तिने माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि हातातल्या शिलाईच्या टेपकडे पाहिलं.

"आंटी, टंकी तो पास है. ऑफिस में काग़ज़ है, सब नापा हुआ है. किसने कहा आपसे?"

मला त्यागीचा आवाज ऐकू आला. मग साहेबांचा. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी दिलेले आकडे नकाशावर उतरवले होते आणि एकाही आकड्याखाली माझी सही नव्हती.

"किसी ने नहीं कहा," मी म्हटलं. "मैंने खुद नापा है. आप भी आकर देख लीजिए."

ती क्षणभर घुटमळली. मग मुलांना गप्प बसायला सांगून ती माझ्यामागून टाकीखाली आली, आणि मी टेपचं टोक तिच्या हातात दिलं.